घोडीचं दूध म्हणजे पाणी घातलेलं गाईचं दूध नव्हे

घोडीचं दूध पेल्यात ओतलं की निळसर, पातळ दिसतं. काचेला ओशटपणा राहत नाही, बोटावर घेतलं तर पाण्यासारखं ओघळतं. शेजारी गाईचं दूध निम्मं पाणी घालून ठेवलं तर नुसत्या नजरेनं फरक सांगणं अवघड. म्हणूनच घोडी दगावली किंवा तिचं दूध आटलं की शिंगरासाठी हमखास एक सल्ला येतो: गाईच्या दुधात तेवढंच पाणी घाला, झालं घोडीचं दूध. तसं होत नाही, आणि हा सल्ला देणारे बहुधा शिंगरू खंगत का चाललंय हे शोधायला थांबत नाहीत.

गाईचं दूध सगळ्यांच्या ओळखीचं. शंभर भागांत स्निग्धांश ४, प्रथिनं ३.४, लॅक्टोज (दुधातली साखर) ४.८, खनिजं ०.७ असं धरून चालू. घोडी व्यायल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तिच्या दुधात हेच आकडे साधारण असे असतात: स्निग्धांश १.३, प्रथिनं २.१, लॅक्टोज ६.४, खनिजं ०.४. तीन गोष्टी गाईपेक्षा कमी, एक जास्त. सगळी गफलत या जास्तीच्या एका गोष्टीपाशी आहे.

पाणी घातल्यावर दुधातलं सगळंच सारख्या प्रमाणात उतरतं. एक लिटर गाईच्या दुधात एक लिटर पाणी घातलं की स्निग्धांश २ वर येतो, प्रथिनं १.७ वर, खनिजं ०.३५ वर. इथपर्यंत घोडीच्या आकड्यांशी बऱ्यापैकी जुळतं आणि सल्ला देणारा खूश होतो. पण लॅक्टोजही २.४ वर येऊन बसतं. हवं होतं ६.४. म्हणजे शिंगराला त्याच्या वाट्याच्या साखरेचा जेमतेम तिसरा हिस्सा मिळतो.

ऊर्जेचा हिशेब केला तर फरक आणखी उघड होतो. गाईच्या दुधातली निम्मी ऊर्जा स्निग्धांशातून येते. घोडीच्या दुधात स्निग्धांशाचा वाटा पाव आणि निम्म्याहून जास्त ऊर्जा लॅक्टोजची. घोडीच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ४६ किलोकॅलरी, निम्मं पाणी घातलेल्या गाईच्या दुधात सुमारे ३४. पोट तेवढंच भरतं, पण दर घोटाला पावभर ऊर्जा कमी पडते.

डोळ्यांवर विश्वास नसेल तर लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाची घनता मोजणारी नळी, बुडवा. चांगल्या गाईच्या दुधात तो २८ ते ३२ दाखवतो, निम्मं पाणी घातल्यावर १५ च्या आसपास येतो. घोडीच्या ताज्या दुधात मात्र ३२ किंवा त्याच्याही थोडा वर जातो. दिसायला पातळ, पण मापात गाईच्या दुधापेक्षा जड. दुधाला हलकं करणारा स्निग्धांश कमी आणि जड करणारी साखर जास्त, एवढंच त्याचं कारण. पातळ आणि पाणचट हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थानं वापरले जातात. घोडीचं दूध पातळ आहे, पाणचट नाही.

साखर इतकी जास्त का? दुधाचा परासरण दाब, म्हणजे विरघळलेल्या पदार्थांमुळे पाणी ओढून घेण्याचा जोर, रक्ताएवढा राहावा लागतो. तो मुख्यतः लॅक्टोज आणि क्षार मिळून सांभाळतात. घोडीच्या दुधात क्षार कमी, म्हणून ती जागा लॅक्टोज भरतं. याच कारणामुळे खाण्यातल्या बदलानं लॅक्टोज फारसं हलत नाही. घोडीला गोड खाऊ घातलं की दूध गोड होतं, हे सांगणाऱ्यांनी आता थांबावं.

मग शिंगराचं काय करायचं? सर्वांत बरी ती शिंगरासाठीच बनवलेली दूध पावडर. वासरांची पावडर नको. तिच्यात स्निग्धांश जास्त आणि साखर कमी. पावडर मिळेपर्यंतची तात्पुरती सोय म्हणजे २ टक्के स्निग्धांशाचं गाईचं दूध एक लिटर, त्यात २० ग्रॅम डेक्स्ट्रोज (ग्लुकोज), आणि पाण्याचा थेंबही नाही. डेक्स्ट्रोजऐवजी साधी साखर चालत नाही: ती साखर, म्हणजे सुक्रोज, फोडणारं विकर (एन्झाइम) नवजात शिंगराच्या आतड्यात जवळजवळ नसतं, त्यामुळे साखर तशीच पुढे सरकते आणि हगवण लागते. डेक्स्ट्रोजही वजन करूनच घ्यायचं, चमच्यानं अंदाजे नाही. त्याचा रेणू लॅक्टोजच्या जवळपास निम्म्या वजनाचा असतो, म्हणून ग्रॅमाला ग्रॅम परासरण दाब जवळजवळ दुप्पट वाढतो. 'अशक्त आहे, जरा जास्त घालू' म्हणून ४० ग्रॅम घातलं तरी शेवट हगवणीतच. पाजायचं थोडं थोडं, सुरुवातीला दर एक-दोन तासांनी, रात्रीसुद्धा. घोडीच्या कासेत एका वेळी जेमतेम दोन लिटर मावतं आणि शिंगरू दिवसभर लुचत राहतं. तीच लय ठेवायची.

प्रथिनांतला फरक पाणी घालून किंवा साखर मिसळून मिटत नाही. गाईच्या प्रथिनांत केसीन (दूध घट्ट लावणारं प्रथिन) सुमारे ८० टक्के, घोडीच्या दुधात निम्म्याच्या आसपास. त्यामुळे विरजण किंवा रेनेट (चीज करताना दूध गोठवणारं विकर) घातलं तरी घोडीचं दूध घट्ट लागत नाही, बारीक मऊ कण तेवढे होतात. कझाक आणि मंगोल लोक त्याचं आंबवलेलं पेय करतात, कुमिस, ते याचमुळे पिता येईल इतकं पातळ राहतं. आणि त्यात मद्यार्क येतो तो भरपूर लॅक्टोजमुळे. जीवनसत्त्वं, रंग, चव यांतही फरक आहेत, पण त्यांत कोणी फसत नाही.

आकड्यांच्या बाबतीत आणखी एक घोळ नेहमी दिसतो: कुठल्या दिवसाचं दूध ते न सांगता टक्के लिहायचे. व्यायल्याबरोबरच्या चिकात प्रथिनं १५ टक्क्यांच्याही वर असतात आणि दिवसभरात झपाट्यानं उतरतात. तो चीक, त्याला दुसरं दूध पर्याय नाही; त्यातली प्रतिपिंडं शिंगराच्या आतड्यातून जेमतेम पहिले १८ ते २४ तासच रक्तात शिरतात. पुढच्या आठवड्यांत प्रथिनं, स्निग्धांश आणि कॅल्शियम उतरत जातात, लॅक्टोज किंचित चढतं.

खाण्याचा परिणाम खरा दिसतो तो स्निग्धांशावर. खुराक वाढवून वैरण कमी केली की स्निग्धांश घटतो. शिवाय घोडीला गाईसारखा रुमेन (चारा आंबवणारा पोटाचा मोठा कप्पा) नाही, म्हणून हिरव्या गवतातली असंतृप्त मेदाम्लं वाटेत न बदलता बरीचशी तशीच दुधात उतरतात. गाईच्या पोटात जंतू ती आधीच संतृप्त करून टाकतात. व्यायल्यावर अंगावरची चरबी उतरत असलेल्या घोडीच्या दुधात स्निग्धांश जास्त सापडतो.

नमुना घेतानाची चूक मात्र या सगळ्यावर पाणी फिरवते. पहिल्या धारेत स्निग्धांश कमी, शेवटच्या धारेत जास्त. घोडीच्या कासेत मोकळं साठलेलं दूध थोडंच असतं. बाकीचं पान्हा सोडल्याशिवाय येत नाही, आणि शिंगरू समोर नसेल तर ती बऱ्याचदा पान्हा चोरते. म्हणून शिंगरू नजरेसमोर ठेवायचं, दोन्ही सड पूर्ण मोकळे करायचे, सगळं दूध एका भांड्यात ढवळायचं, मग त्यातून नमुना बाटलीत भरायचा आणि बाटलीवर व्यायल्यापासूनचा दिवस लिहायचा. नुसत्या पहिल्या दोन धारा पाठवल्या तर प्रयोगशाळेतून स्निग्धांश अर्धा टक्का असा आकडा येतो, आणि मग घोडीच्या खुराकात तेल ओतायला सुरुवात होते.