आखाजीच्या उन्हात स्वेटर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धरणगावला मोठ्या बहिणीकडे गेले होते. खापरावरचे मांडे, वाटीत आमरस. अकरावीतली भाची मांड्याचे नखाएवढे तुकडे करत बसली होती. आमचे हात धुऊन झाले तरी तिचं ताट तसंच. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि हिच्या अंगात स्वेटर! शेजारच्या आजी म्हणाल्या, "पोरले नजर लागनी." मीठमोहरी उतरवून झाली होती, भगताकडेही नेऊन आणलं होतं. बहीण म्हणाली, "हट्टी झालीये, दुसरं काही नाही."

नजर नाही आणि हट्टही नाही. ॲनोरेक्सिया हा आजार आहे. त्यात माणूस जाड होण्याच्या भीतीने अन्न तोडत जातो. जीव जाऊ शकतो, इतका तो गंभीर आहे.

हा आजार फक्त मुंबई-पुण्याच्या श्रीमंतांचा, असं आपल्याकडे अजून समजतात. पण फिजी बेटांचंच बघा. तिथे अंगाने भरलेली बाई देखणी मानली जाई. तिथल्या नाद्रोगा भागात 1995 मध्ये टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या संशोधिकेने शाळकरी मुलींना तेव्हा आणि पुन्हा 1998 मध्ये प्रश्न विचारले. वजनासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या मुली आधी एकही नव्हत्या, तीन वर्षांनी 11.3 टक्के झाल्या. आपण कसे आहोत हे माणूस दुसऱ्याकडे बघून ठरवतो, हे मानसशास्त्रज्ञ फेस्टिंगर यांनी 1954 मध्येच मांडलं होतं. पूर्वी ते बघणं गल्लीपुरतं होतं. आता मोबाइल हातात आहे, आणि त्यातला चेहरा फिल्टर लावलेला असतो.

पण तुलना सगळ्याच मुली करतात आणि आजारी थोड्याच पडतात. आनुवंशिकतेचा वाटा त्यात मोठा आहे. शिवाय एक गोष्ट आहे, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: उपासमार स्वतःच मन बदलते.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 तरुणांवर प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले हे स्वयंसेवक तनामनाने धडधाकट होते. सहा महिने त्यांचं जेवण जवळपास निम्म्यावर आणलं. वजन सुमारे पाव हिस्सा घटलं. यातल्या कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं. तरी ते जेवणाचे बारीक तुकडे करू लागले, एकेक जेवण दोन-दोन तास लांबवू लागले. पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. चिडचिडे, उदास, एकलकोंडे झाले. जुलैच्या उन्हाळ्यात पांघरुणं मागू लागले. हे वाचताना मला ते मांड्याचे तुकडे आणि तो स्वेटर आठवला.

चरबी घटली की तिच्यातून रक्तात येणारं लेप्टिन हे संप्रेरक कमी होतं. मेंदूतलं हायपोथॅलॅमस ते ओळखतं आणि काटकसर सुरू करतं: नाडी मंदावते, अंग गार पडतं, पाळी थांबते. लक्ष मात्र अन्नाभोवतीच फिरतं. आता यात जाड होण्याची भीती मिसळा. घास समोर आला की धडधड वाढते, ताट सरकवलं की क्षणभर बरं वाटतं. मेंदू हे 'बरं वाटणं' शिकून घेतो आणि पुढच्या वेळी ताट आणखी लवकर सरकतं. उपाशी मेंदूला विचार बदलणं आधीच जड जातं, म्हणून समजावून उपयोग होत नाही. आधी पोटात अन्न जावं लागतं.

काहींमध्ये याच्या अगदी उलट होतं: रोखून धरलेलं खाणं एकदम सुटतं. हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांच्या 1975 च्या प्रयोगात मिल्कशेक पाजल्यावर डाएट न करणाऱ्या मुलींनी आइस्क्रीम कमी खाल्लं, डाएटवाल्यांनी उलट जास्त. एकदा नेम मोडला की सगळाच बांध फुटतो. 'सात दिवसांत सात किलो' म्हणत पावडरी विकणारे नेमका हाच बांध बांधायला शिकवतात. त्यांचा मला मनापासून राग येतो.

किशोरवयीन मुलींच्या उपचारात आई-वडिलांना शत्रू न मानता कामाला लावतात: काय आणि किती वाढायचं ते त्यांनी ठरवायचं, वाद न घालता शेजारी बसायचं. नाडी, रक्तातले क्षार डॉक्टर तपासत राहतात. कुठे जावं कळत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

परवा बहिणीचा फोन आला. भाचीला अर्धी कळण्याची भाकरी संपवायला पाऊण तास लागला. बहीण सगळा वेळ शेजारी बसून होती, हट्टी हा शब्द तोंडातून काढला नाही.