पार्श्वभूमी: इंडी गेमचे हौशी परीक्षक आले कुठून?

फेब्रुवारी १९८४ मध्ये इंग्लंडातल्या लडलो या गावातून ‘क्रॅश’ नावाचं मासिक निघायला लागलं. लडलो म्हणजे वेल्सच्या सीमेजवळचं, किल्ला आणि बाजारपेठ असलेलं लहानसं गाव. मासिकाचा विषय एकच, झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावरचे गेम. काढणाऱ्यांचा मूळ धंदा टपालाने गेम विकण्याचा होता. गिऱ्हाइकांना पाठवायच्या यादीचंच पुढे मासिक झालं. गेमवर मत कोण देणार, तर गावातल्या शाळेतली पोरं. एका गेमवर तिघांची मतं वेगवेगळी छापली जात. एकाला आवडलेला गेम दुसऱ्याला कंटाळवाणा वाटला, तर दोन्ही मतं तशीच शेजारी शेजारी. सोबत टक्केवारी: ग्राफिक्सला किती, खेळायला मजा किती, गोडी लागते का, दिलेले पैसे वसूल होतात का. काही वर्षांतच ‘क्रॅश’ ब्रिटनमधल्या सर्वाधिक खपाच्या संगणक मासिकांत जाऊन बसलं.

सोलापुरात राहून इंडी गेमवर, म्हणजे मोठ्या कंपनीविना एकट्याने वा छोट्या टीमने बनवलेल्या गेमवर, मराठीत लिहिताना मला हे लडलो फार जवळचं वाटतं. हौशी रिव्ह्यूवाला म्हणजे ज्याला नोकरी मिळाली नाही असा पत्रकार, हा समज आपल्याकडे पक्का आहे. प्रत्यक्षात या क्षेत्रात हौशी लोक आधी आले आणि पगारी मागून.

अमेरिकेतही तेच. आर्नी कॅट्झ आणि बिल कंकल हे दोघे विज्ञानकथांच्या चाहत्यांच्या वर्तुळातले. त्या वर्तुळात लोक स्वतःच्या खर्चाने चार पानं छापून एकमेकांना पोस्टाने पाठवत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस या दोघांनी ‘व्हिडिओ’ नावाच्या मासिकात गेमवर सदर सुरू केलं आणि १९८१ मध्ये जॉयस वर्ली यांच्यासोबत ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ हे मासिक काढलं. गेमबद्दल कसं लिहायचं याचा कोणताही नमुना समोर नसताना त्यांनी लिहिलं. शाळेत शिकवून ही विद्या आली नाही, चाहतेपणातून आली.

आणि ज्या गेमवर हे लिहीत होते, ते तरी कोण बनवत होतं? १९८३ चा ‘मॅनिक मायनर’ मॅथ्यू स्मिथ या किशोरवयीन मुलाने एकट्याने लिहिला. घरातल्या खोलीत बसून गेम लिहायचा, कॅसेटवर भरायचा, विकायचा. आज ज्याला आपण इंडी म्हणतो ते तेव्हा नेहमीचंच होतं, म्हणून त्याला वेगळं नाव नव्हतं.

नव्वदच्या दशकात हे चित्र पालटलं. गेम बनवायला मोठ्या टीम लागू लागल्या, वितरण मोठ्या कंपन्यांकडे गेलं, आणि मासिकं व पुढे वेबसाइट या त्याच कंपन्यांच्या जाहिरातींवर चालू लागल्या. याची सर्वात बोलकी घटना नोव्हेंबर २००७ ची. ‘गेमस्पॉट’ या गेमच्या वेबसाइटचे परीक्षक जेफ गर्स्टमन यांना ‘केन अँड लिंच’ या गेमच्या थंड रिव्ह्यूनंतर काही दिवसांतच कामावरून काढण्यात आलं. त्या गेमच्या जाहिराती त्याच साइटवर झळकत होत्या. जाहिरातदारांच्या दबावाचा यात हात होता हे त्यांनी स्वतः २०१२ मध्ये उघडपणे सांगितलं. पगार घेणाऱ्याचं मत विकलेलं असतंच असं नाही, बहुतेकांचं नसतं. पण वाचकांच्या मनात शंकेची पाल तेव्हा चुकचुकली ती चुकचुकलीच.

नेमकं त्याच सुमाराला छोटे गेम पुन्हा वर आले. त्याची पूर्वतयारी आधीपासून चालली होती: १९९८ मध्ये सुरू झालेला इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल, आणि २००४ मध्ये जपानच्या दाइसुके अमाया यांनी पाच वर्षं एकट्याने राबून फुकट वाटलेला ‘केव्ह स्टोरी’. २००८ मध्ये ‘ब्रेड’ आणि ‘वर्ल्ड ऑफ गू’ आले, आणि दोन-चार माणसांचा गेम मोठ्या कंपनीच्या गेमशेजारी उभा राहू शकतो हे दिसलं. ‘वर्ल्ड ऑफ गू’ दोघांनी मिळून काढलेल्या स्टुडिओचा. मग ‘माइनक्राफ्ट’, ‘पेपर्स, प्लीज’, ‘अंडरटेल’, ‘स्टारड्यू व्हॅली’. यातल्या बहुतेकांची कीर्ती आधी खेळणाऱ्यांच्या तोंडून पसरली, मोठ्या साइट मागाहून आल्या. २०१३ मध्ये इच डॉट आयओ ही छोट्या गेमसाठीची वेबसाइट सुरू झाली आणि कुणालाही आपला गेम दुपारी बनवून रात्री लोकांसमोर ठेवता येऊ लागला.

स्टीम या संगणकावरचे गेम विकणाऱ्या मोठ्या ऑनलाइन दुकानाने दार हळूहळू उघडलं. २०१२ मध्ये ‘ग्रीनलाइट’ आलं, म्हणजे खेळणाऱ्यांनी मत देऊन गेम निवडायचे. २०१७ मध्ये ते बंद करून ‘स्टीम डायरेक्ट’ आणलं: १०० डॉलर भरा, कागदपत्रं द्या, गेम विक्रीला लावा. परिणाम असा की २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८ हजारांहून जास्त गेम आले. दिवसाला पन्नासच्या आसपास. जगातल्या कुठल्याही संपादकीय विभागाला एवढे गेम नुसते उघडून बघणंही शक्य नाही. हौशी रिव्ह्यूची गरज इथून आली. बहुसंख्य गेमवर हौशी माणसाने लिहिलं नाही, तर दुसरं कुणीच लिहिणार नसतं.

सोलापूरचा रस्ता या सगळ्यापासून बराच वेगळा होता. नव्वदच्या दशकात आपल्याकडे गेम म्हणजे टोकन टाकून खेळायची मशीन, नाहीतर टीव्हीला जोडायचा डबा आणि त्याच्या कॅसेट. त्यात मारिओ आणि कॉन्ट्रा. कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत बसवायची. गेम कुणी बनवला, कुठल्या देशात बनला, याचा पत्ता नसे. डब्यावर छापलेला आकडा मोठा असे आणि आत तेच चार-पाच गेम नावं बदलून परत परत येत. पुढे सायबर कॅफेत लॅनवर काउंटर-स्ट्राइक, आणि संगणकाच्या मासिकासोबत मिळणाऱ्या सीडी-डीव्हीडीवरचे डेमो. डेमोचा पहिला टप्पा पाठ होईपर्यंत खेळायचा, कारण पुढचा गेम विकत घ्यायची सोयच नव्हती.

मत मात्र प्रत्येकाला होतं. “हे हँग होऊ लालंय बे, दुसरं लाव,” हा सोलापुरी रिव्ह्यूच होता, आणि तो ऐकून पोरं गेम बदलत. फक्त तो लिहिला जात नव्हता. शिवाय एकाच स्क्रीनभोवती बसलेल्या पोरांच्या घरी मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी अशा चार भाषा असत. १८७७ मध्ये इथे आज ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी कापड गिरणी उभी राहिली, नंतर आणखी गिरण्या आल्या, हातमाग-यंत्रमाग वाढले, आणि पोटासाठी आलेल्या विणकर कुटुंबांसोबत पूर्व भागात तेलुगू रुजली. या शहरात गेमवर बोलणं पहिल्यापासूनच बहुभाषी होतं. हे मला महत्त्वाचं वाटतं, त्याचं कारण पुढे येईल.

आणखी एक गोष्ट आपल्या वाट्याची: लोडशेडिंग. दोन हजारच्या दशकात लाइट कधी जाईल याचं वेळापत्रक घरात चिकटवलेलं असायचं, आणि तरी ती त्याआधीच जायची. त्यामुळे ‘गेम सेव्ह कुठे होतो’ हा प्रश्न इथल्या खेळणाऱ्याच्या हाडात बसलाय. परदेशी रिव्ह्यूत तो शेवटच्या ओळीत येतो, आला तर. मी आजही तो पहिल्या परिच्छेदात घेतो.

अडथळे दोन टप्प्यांत दूर झाले. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीमवर रुपयांत किमती दिसू लागल्या. तोवर डॉलरमध्ये पैसे भरायचे, म्हणजे परदेशी व्यवहार चालणारं कार्ड हवं, आणि विद्यार्थ्याकडे ते कुठून असणार? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचं ४जी आलं आणि डेटा स्वस्त झाला. त्याच सुमाराला गेमवरची चर्चा भारतात लिखाणाकडून व्हिडिओकडे वळली, आणि ती मुख्यतः हिंदीत व मुख्यतः मोबाइलवरच्या मोठ्या गेमबद्दल झाली. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी मोबाइलवर बंदी आली तेव्हा वर्तमानपत्रांनी रकाने भरले. पण मराठी छापील मजकुरात गेम येतो तो व्यसन, फसवणूक किंवा पैसे लावून खेळणं या बातम्यांतूनच. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावायचे खेळ एकीकडे आणि ई-स्पोर्ट्स व इतर खेळ दुसरीकडे अशी स्पष्ट वाटणी केली, हे चांगलं झालं. घरोघरी मात्र अजून सगळं एकाच नावाखाली मोडतं.

या दरम्यान गेम आपल्या अंगणात आला होता. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ बनवला. २०१७ मध्ये त्यासाठी किकस्टार्टर या वेबसाइटवर लोकवर्गणीने पैसे उभे करायचा प्रयत्न फसला, तरी टीमने काम सोडलं नाही, आणि ऑगस्ट २०२० मध्ये गेम आला. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्कृष्ट गेमसाठी त्याला नामांकन होतं. हरवलेल्या भावाला शोधणारी राजी, राजस्थानी वास्तूंसारखे महाल, छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा. परदेशी रिव्ह्यूंनी चित्रशैलीची तारीफ केली, लढाईतल्या त्रुटी दाखवल्या, आणि ते योग्यच होतं. पण त्यांची अर्धी जागा दुर्गा कोण, विष्णू कोण हे समजावण्यात गेली. आपल्या वाचकाला ते सांगावं लागत नाही. त्याच जागेत आपण विचारू शकतो की हा पुराणकथेचा वापर सजावटीपुरता आहे की गेमच्या चालीत उतरलाय. हा प्रश्न घरच्या परीक्षकानेच विचारायचा असतो.

२०२३ चा ‘वेन्बा’ याहून चांगलं उदाहरण. कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाची गोष्ट, टोरांटोच्या स्टुडिओने बनवलेली, आणि खेळ सगळा स्वयंपाकाचा. पहिलंच कोडं इडलीचं: आईकडून आलेल्या पाककृतीच्या वहीतला मजकूर पुसट झालाय, आणि इडलीपात्रातल्या ताटल्या कशा रचायच्या ते खेळणाऱ्याने ओळखायचं. एका ताटलीची भोकं आणि दुसरीच्या इडल्या यांचा मेळ बसला तरच वाफ सगळीकडे पोहोचते. बाहेरच्या खेळणाऱ्याला इथे विचार करावा लागतो. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या मुलीला लागणार नाही, तिने ते पात्र रोज रचलेलं असतं. तिच्यासाठी ते कोडं नाही, आठवण आहे. तिने लिहिलेला रिव्ह्यू लंडनच्या रिव्ह्यूपेक्षा खालचा नाही. त्यात जे आहे ते लंडनला लिहिताच येणार नाही. ‘क्रॅश’वाल्यांनी तीन मतं शेजारी छापली त्यातलं शहाणपण मला इथे दिसतं.

आता भाषेचा मुद्दा. मराठी गेम बनवणाऱ्यांना पहिला फटका बसतो तो अक्षरांचा. गेम इंजिनं, म्हणजे ज्यांत गेम बनवतात ती सॉफ्टवेअर, रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून घडली: एक अक्षर, मग त्याच्या उजवीकडे दुसरं. देवनागरी अशी चालत नाही. युनिटी या इंजिनात वर्षानुवर्षं सर्रास वापरल्या गेलेल्या टेक्स्टमेश प्रो या साधनात ‘किल्ला’ लिहिलं की पहिली वेलांटी ‘क’च्या डावीकडे न बसता उजवीकडे जाते आणि ‘ल्ल’ फुटून पाय मोडका ‘ल’ उघडा पडतो. मग डेव्हलपर एक तर मजकुराचं चित्र करून चिकटवतो किंवा इंग्रजीवर जातो. मार्च २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ या मोफत इंजिनाने जोडाक्षरं नीट मांडायची सोय मुळातच दिली, आणि एकट्याने काम करणाऱ्यासाठी हा फार मोठा फरक आहे. हे तपासणं हौशी परीक्षकाचं काम आहे. गेममध्ये मराठी, तेलुगू किंवा कन्नड असेल तर मी संवादाचा स्क्रीनशॉट घेऊन एकेक अक्षर बघतो, तेलुगू-कन्नडसाठी मित्रांना बसवतो, आणि चूक सापडली की रिव्ह्यूआधी डेव्हलपरला कळवतो.

व्यवहाराच्या बाजूचे नियमही हळूहळू घडत गेले. डेव्हलपर परीक्षकाला फुकट ‘की’, म्हणजे गेम उघडायचा कोड, देतो, ही जुनी रीत. पण कुणी तरी परीक्षक असल्याची बतावणी करून त्या की मिळवायच्या आणि विकायच्या, हा धंदा इतका वाढला की एकटा डेव्हलपर अनोळखी ईमेलकडे संशयाने बघतो. सप्टेंबर २०१६ पासून स्टीमने बाहेरून मिळालेल्या कीवर लिहिलेले रिव्ह्यू गेमच्या गुणांकनातून वगळले. भारतात अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम आणले, २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही मार्गदर्शन जाहीर केलं: मोबदला वा फुकट वस्तू मिळाली असेल तर ते स्पष्ट सांगा. नवीन लिहिणाऱ्याला मी सांगतो, सुरुवात डेमोपासून करा. स्टीमच्या नेक्स्ट फेस्ट या येऊ घातलेल्या गेमच्या उत्सवात शेकडो डेमो फुकट असतात, कुणाकडे की मागावी लागत नाही आणि मिंधेपणाही राहत नाही. जुन्या लॅपटॉपवर गेम कसा चालतो, पंखा किती ओरडतो, हेही लिहा. इथल्या वाचकाकडे तसलाच लॅपटॉप आहे.

स्टीमवर विकत घेणाऱ्यांचे किमान १० रिव्ह्यू जमल्याशिवाय ‘सकारात्मक’ वा ‘संमिश्र’ असा शेरा गेमच्या पानावर उमटत नाही. प्रत्येक रिव्ह्यूशेजारी लिहिणारा किती तास खेळला तेही दिसतं. लहान गेमसाठी ते पहिले १० जमणं हीच मोठी चढण असते, आणि विकत घेतलेला गेम असेल तर सोलापूरहून लिहिलेला रिव्ह्यू त्यात टोरांटोइतकाच मोजला जातो. रिव्ह्यूच्या भाषांच्या यादीत मात्र मराठी नाही. म्हणून सध्या मी तिथे डेव्हलपरला कळेल असा छोटा रिव्ह्यू इंग्रजीत टाकतो आणि सविस्तर मराठीत लिहितो: सेव्ह कुठे होतो, लॅपटॉप तापतो का, वेलांटी जागेवर आहे का, आणि मग गेम कसा आहे.