दारू प्यायल्यावर चेहरा लाल होणं आणि व्यसन: जीन्सचा शोध कसा लागला

आपल्याकडे एखादा दारूच्या आहारी गेला की 'बापही तसाच होता, रक्तातच आहे' असं म्हणून लोक मोकळे होतात. जुळ्यांवरच्या अभ्यासातून दिसतं की धोक्याचा साधारण निम्मा भाग अनुवंशिक असतो, म्हणजे ते अगदीच खोटं नाही. पण नेमकं रक्तात काय, याचा सगळ्यात पक्का पुरावा जपानमधून आला आणि तोही उलट्या बाजूने, व्यसन कुणाला *लागत नाही* ते बघताना.

१९७२ मध्ये पीटर वुल्फ या अमेरिकन संशोधकाने जपानी, तैवानी, कोरियन लोकांना थोडीशी दारू देऊन पाहिली, तर बऱ्याच जणांचे चेहरे लगेच लालबुंद झाले, गोऱ्या लोकांत हे फार कमी दिसलं. त्याने तान्ह्या बाळांनाही थेंबभर देऊन बघितली (आज कुणी परवानगी देणार नाही आणि देऊही नये) आणि तिथेही तोच फरक, म्हणजे सवयीचा प्रश्नच नव्हता.

कारण लिव्हरमध्ये सापडलं. दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी, आणि एएलडीएच२ नावाचं एन्झाइम त्याचा निकाल लावतं. पूर्व आशियातल्या खूप लोकांत हे एन्झाइम जवळजवळ बंद असतं, मग ते विष साचतं आणि चेहरा लाल, छातीत धडधड, मळमळ. व्यसन सोडवायला देतात ती डायसल्फिराम गोळी हेच एन्झाइम मुद्दाम बंद पाडते, म्हणून ती पेशंटला न सांगता जेवणात मिसळून देणं अतिशय धोक्याचं आहे, कृपया कुणी करू नका.

१९८२ मध्ये हाराडा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जपानमध्ये सर्वसाधारण लोकांत सुमारे ४१ टक्के जणांत ही उणीव आहे, दारूच्या व्यसनींत मात्र फक्त २ टक्क्यांच्या आसपास. एका जीनने एवढं संरक्षण द्यावं हे दुर्मिळच.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. जपानी संशोधक हिगुची यांनी १९९४ मध्ये १,३०० जपानी व्यसनींचे आकडे मांडले. आईवडिलांपैकी एकाकडून या एन्झाइमच्या जीनची सदोष प्रत आलेल्यांचं प्रमाण १९७९ मध्ये २.५ टक्के होतं, १९८६ मध्ये ८ आणि १९९२ मध्ये १३. तेरा वर्षांत जीन्स बदलत नाहीत हो, बदललं ते भोवतालचं वातावरण, ऑफिस सुटल्यावर साहेबासोबत बसणं, नाही म्हणायची सोय नसणं. दोन्हीकडून सदोष प्रत आलेला व्यसनी मात्र एकही सापडला नाही.

उलट अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांबद्दल 'यांना दारू पचतच नाही' असं पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं आणि १९७६ मध्ये मोजून बघितलं तर त्यांचं शरीर गोऱ्यांइतक्याच वेगाने दारूचा निचरा करत होतं. जमिनी गेल्या, मुलं हिसकावून बोर्डिंग शाळांत टाकली, त्याची चर्चा टाळायला 'रक्त' सोयीचं पडलं. भारतातल्या बहुतेकांत एएलडीएच२ची सदोष प्रत फार विरळ आहे, त्यामुळे ती ढाल आपल्याला जवळपास नाहीच.

आणि ढाल असूनही जे पितात त्यांना अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका कितीतरी जास्त असतो, म्हणून जपानी डॉक्टर दोन साधे प्रश्न विचारतात: एक ग्लास बिअर घेतली की चेहरा लाल होतो का, आणि प्यायला लागल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत होत होता का. दुसरा प्रश्न अशासाठी की रोज पिणाऱ्याची लाली कमी होत जाते, धोका मात्र तसाच राहतो.