बोटिंगचं कार्ड आणि कॅप्टनचं लायसन्स, यात फरक काय?

अमेरिकेत नवीन बोट घेतली की हा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो, सेफ्टी कोर्सचं कार्ड म्हणजे छोटं लायसन्स आणि कॅप्टनचं म्हणजे मोठं, असं धरून चालतात. तसं नाहीये, दोन्हींची कामंच वेगळी आहेत.

कार्ड राज्य सरकारचं, नियम राज्यागणिक बदलतात, पण साधारण ऑनलाइन कोर्स, परीक्षा, झालं. स्वतःच्या बोटीतून घरच्यांना, मित्रांना फिरवायला तेवढं पुरतं.

लायसन्स कोस्ट गार्डचं, म्हणजे तटरक्षक दलाचं, आणि ते पैसे घेऊन माणसं नेण्यासाठी असतं. त्यातलं सगळ्यात खालचं, ज्याला लोक सिक्स-पॅक म्हणतात, त्यावर भाडं देणारे जास्तीत जास्त ६ प्रवासी नेता येतात, आणि त्यासाठी पाण्यावरचे ३६० दिवस दाखवावे लागतात, त्यातले ९० गेल्या ३ वर्षांतले, शिवाय मेडिकल, ड्रग टेस्ट, सीपीआर (हृदय बंद पडल्यास छाती दाबून द्यायची मदत) शिकल्याचा दाखला आणि दर ५ वर्षांनी रिन्यू करणं आलंच.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, मित्रांनी आपणहून इंधनाचा, खाण्याचा खर्च वाटून घेतला तर ते भाडं धरत नाहीत, पण पैसे दिलेस तरच बोटीवर ये असं ठरलं की ते भाडं झालं, मग लायसन्स हवंच.

मग नुसत्या हौसेसाठी घ्यावं का? माझं मत, कमवायचं नसेल तर लायसन्स राहू द्या पण त्याचा अभ्यास जरूर करा. समोरून येणाऱ्या बोटीचे लाल-हिरवे दोन्ही दिवे एकदम दिसले तर ती सरळ आपल्यावर येतेय आणि दोघांनीही उजवीकडे वळायचं, हे रात्री अंधारात सेकंदात सुचायला हवं, आणि लायसन्सच्या परीक्षेत पाण्यावरच्या वाहतूक नियमांच्या पेपरला पास व्हायला ९०% लागतात त्यामुळे ते डोक्यात पक्कं बसतं. चार्टवर, म्हणजे पाण्याच्या नकाशावर, बोटीचा मार्ग आखणं, भरती-ओहोटीचे हिशोब, सगळं येतं त्यात.

पण त्या परीक्षेत कोणी तुम्हाला बोट धक्क्याला लावायला सांगत नाही! वारा आडवा असताना बोट लावणं कागदावर येत नाही हो, त्यासाठी जाणकार माणूस शेजारी उभा करून तासन्‌तास सरावच करावा लागतो, आणि नवीन माणसाने पैसे आधी तिथे घालावेत असं मला मनापासून वाटतं.

पुढे कधी लायसन्स घ्यायचा विचार असेल तर दिवसांची नोंद आत्ताच सुरू करा, तारीख, किती तास, कुठल्या पाण्यात. स्वतःच्या बोटीवरचे दिवसही चालतात, फक्त मालकीचा पुरावा जोडावा लागतो आणि दिवस धरायला निदान ४ तास तरी बोट चालवलेली हवी.