हिवताप प्रसाराचे गणिती प्रारूप

हिवतापाचे, म्हणजे मलेरियाचे परजीवी माणसाकडून डासाकडे आणि डासाकडून पुन्हा माणसाकडे कोणत्या वेगाने जातात, याची समीकरणांतून केलेली मांडणी. तिचा उगम भारतातल्या कामात आहे. अलमोड्यात जन्मलेले ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबादेत ॲनोफिलिस डासाच्या पोटात हे परजीवी सापडले. डास सगळेच्या सगळे कसे मारणार, या आक्षेपाला त्यांनी पुढे गणिताने उत्तर दिले. डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली की उरलेल्या डासांवर साथ तग धरू शकत नाही, असे त्यांनी दाखवले. १९११ साली ही समीकरणे सविस्तर मांडली गेली. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या हिवतापविरोधी मोहिमेत रॉस यांच्यासोबत असलेले डॉक्टर मॅकेन्ड्रिक यांनी १९२७ साली कर्मॅक यांच्याबरोबर साथींचा सर्वसाधारण सिद्धांत दिला आणि तो मुंबईतल्या १९०५–०६ च्या प्लेगबळींच्या आकड्यांशी ताडून पाहिला.

एका रुग्णापासून सरासरी किती नवे रुग्ण होतात, तो मूळ प्रसारांक. कोविडच्या दिवसांत चहाच्या टपरीवरही ज्याची चर्चा होई, तो ‘आर नॉट’ हाच. हिवतापात मात्र त्याचा हिशेब वेगळा पडतो. डासाला दोनदा चावावे लागते, एकदा परजीवी घ्यायला आणि एकदा द्यायला. म्हणून सूत्रात चावण्याच्या दराचा वर्ग येतो. या दोन चाव्यांच्या मधल्या काळात डास जगला पाहिजे. ब्रिटिश हिवतापतज्ज्ञ जॉर्ज मॅकडोनल्ड यांनी १९५० च्या दशकात नेमका यावर भर दिला. रोज दहापैकी नऊ डास तगत असतील, तर दहा दिवसांनी शंभरातले ३५ उरतात. दहापैकी आठच तगले, तर ११. डास निम्मे केले की प्रसारांक निम्मा होतो. पण रोजच्या जगण्यातली ही एवढी घट त्याला जवळपास सातव्या हिश्शावर आणते, कारण दहा दिवस तगलेल्या डासांचे पुढचे, चावण्याचे दिवसही तिने निम्म्यावर येतात.

पुण्यापुरते पाहायचे तर हा मधला काळ ठरवते ते तापमान. हिवतापाच्या परजीवीच्या इथल्या दोन मुख्य जाती म्हणजे व्हायवॅक्स आणि फाल्सिपॅरम. पावसाळ्यातल्या सुमारे २५ अंशांना व्हायवॅक्स डासात दहा दिवसांत तयार होतो, फाल्सिपॅरम बाराएक दिवसांत. थंडीत सरासरी २० अंशांवर आली की हेच आकडे १९ आणि २८ होतात, आणि रोज दहापैकी नऊ तगण्याच्या वरच्याच हिशेबाने शंभरातले अनुक्रमे साधारण १३ आणि ५ डास तेवढे जगतात. अर्थात शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात, म्हणजे हवामान खात्याच्या कार्यालयात मोजलेले तापमान हे डासाचे तापमान नव्हे. डास बसतो खोलीत, पलंगाखाली नाहीतर पडद्यामागे, आणि तिथे रात्री बाहेरच्यापेक्षा ऊब असते. अनेक प्रारूपे इथेच फसतात.

शहरातला मुख्य वाहक ॲनोफिलिस स्टीफेन्साय स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. गच्चीवरची उघडी टाकी, विहीर, बांधकामावर साचवलेले पाणी, सगळे त्याला चालते. मॅकडोनल्ड यांचे सूत्र प्रौढ डासाचे आयुष्य कमी करा म्हणते, तर १९७१ साली सुरू झालेल्या नागरी हिवताप योजनेचा भर अळ्या नष्ट करण्यावर आहे. हा विरोध वरवरचा आहे. लाखो सदनिकांच्या भिंतींवर औषध फवारू देणार कोण? टाक्या आणि विहिरी मात्र मोजता येतात, त्यांत गप्पी मासे सोडता येतात. सूत्र कुठे घाव घालावा ते सांगते, पण तिथे हात पोचेल का, हे त्यात नसते.

व्हायवॅक्सने हे गणित आणखी किचकट केले आहे. तो यकृतात महिनोन्‌महिने निपचित राहतो आणि डास न चावताही ताप उलटतो, म्हणून ‘निरोगी’ आणि ‘बाधित’ यांच्या जोडीला ‘यकृतात दडलेला’ हा तिसरा गट धरावा लागतो. यकृतातला परजीवी मारणारे प्रायमाक्विन हे चौदा दिवसांचे औषध अर्धवट सोडणारे रुग्ण याच गटात राहतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर-२१ लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली. ती फाल्सिपॅरमविरुद्धची, मुख्यतः आफ्रिकेतल्या मुलांसाठीची लस आहे. पुण्याच्या प्रारूपात व्हायवॅक्सच्या रकान्यातला एकही आकडा तिने बदलत नाही.