चिल्का: मुख बदलले, मिळकत बदलली

ओडिशातील चिल्का हे समुद्रालगतचे विस्तीर्ण मचूळ सरोवर असून, तेथील मच्छीमारांचे उत्पन्न बऱ्याच अंशी पाण्याच्या खारेपणावर ठरते. टायगर कोळंबी समुद्रात अंडी घालते, तिची पिल्ले भरतीबरोबर सरोवरात शिरतात, उथळ पाण्यात वाढतात आणि प्रजननासाठी पुन्हा समुद्राकडे निघतात. पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी भरते, उन्हाळ्यात खारेपणा वाढतो, आणि त्या चक्रानुसार जाळी व बांबूचे सापळे कोठे लावायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरत आले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र हे चक्रच बिघडले. महानदीच्या फाट्यांनी आणलेला गाळ समुद्राकडे जाणाऱ्या वाटेत साचला, सरोवराचे समुद्राला मिळणारे मुख सरकत गेले आणि भरतीचे पाणी आत पुरेसे पोहोचेना. गोड्या पाण्यातील वनस्पती माजल्या, मासळी घटली. १९८१ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या यादीत आलेले हे सरोवर १९९३ मध्ये त्याच कराराच्या धोक्यातील पाणथळींच्या नोंदवहीत गेले. अखेर सप्टेंबर २००० मध्ये वाळूचा बांध कापून नवे मुख उघडण्यात आले. वर्षाला सुमारे १,७०० टनांवर आलेली मासळी २००१-०२ मध्ये १२,००० टनांच्या आसपास गेली, आणि २००२ मध्ये चिल्काचे नाव त्या नोंदवहीतून निघाले.

एकूण मासळी वाढली म्हणून प्रत्येक घराची मिळकत वाढली, असे मात्र समजू नये. कोळंबीला भाव येताच अनेकांनी ‘घेरी’ उभारल्या होत्या. उथळ पाण्यात बांबू रोवून त्यांना बारीक विणीचे जाळे बांधले की आतली कोळंबी बाहेर जात नाही. पण तेच जाळे प्रवाह मंदावते, गाळ बसवते आणि इतर माशांच्या पिल्लांची वाट अडवते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सरोवरापासून १,००० मीटरच्या आत कोळंबी संवर्धनास मनाई केली, तरी घेरींचा प्रश्न पुढेही धुमसत राहिला, कारण घेरी कोणाची आणि मासेमारीचा परंपरागत हक्क कोणाचा, हा वाद पर्यावरणाइतकाच जातीचा व भांडवलाचाही आहे.

काहींनी पाण्यावरच राहून वेगळा धंदा धरला. सरोवराकाठच्या मंगलाजोडी गावात पूर्वी पक्ष्यांची शिकार करणारे आता पर्यटकांना तेच पक्षी दाखवतात. काठावरच्याच सातपाडा गावाचे नावाडी इरावडी डॉल्फिन दाखवायला नेतात. मात्र यंत्रबोटींच्या आवाजाने व गर्दीने त्या डॉल्फिनना त्रास होतो, त्यामुळे नावाड्यांना आता अंतर आणि वेग यांचे नियमही पाळावे लागतात.