‘रीमास्टर्ड’ म्हणजे आवाज सुधारला? थांबा जरा

जुन्या रॉक अल्बमवर ‘रीमास्टर्ड’ (म्हणजे तयार ध्वनिमुद्रणावर नव्याने हात फिरवलेला) असा शिक्का दिसला की आवाज सुधारलाच असणार, हा समज सीडीच्या जमान्यापासून चालत आला आहे. ऐकून पाहिलं तर पटतंही. गिटार अंगावर येते, ड्रम दणकतात. पण पुष्कळदा ती सुधारणा नसते, नवी आवृत्ती नुसती मोठ्याने वाजत असते.

कानाची खोडच अशी, की आवाज वाढला की खर्ज अधिक भरदार लागतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. एक-दोन डेसिबलचा फरकसुद्धा ‘स्पष्टपणा’ म्हणून खपून जातो. डिजिटल आवाजाला मात्र कमाल मर्यादा असते. सरासरी पातळी तिच्याजवळ रेटायची तर लिमिटर (ठरावीक पातळीच्या वर जाणारा आवाज दाबणारं साधन) लावून ड्रमच्या ठोक्यांची टोकं दाबावी लागतात. मग सगळंच सारखं जोरात, आणि दहा मिनिटांत कान शिणतात.

रॉक गायक इगी पॉपने ‘रॉ पॉवर’ या आपल्या जुन्या अल्बमची १९९७ ची आवृत्ती मुद्दाम अशी कर्कश केली, पण तो रीमिक्स होता, म्हणजे वाद्यांचे ट्रॅक नव्याने जुळवलेले. रीमास्टरमध्ये तयार मिश्रणावरच काम होतं.

‘पहिली सीडीच अस्सल’ हाही हट्ट नको. सुरुवातीच्या काही सीडी मूळ टेपऐवजी तिच्या दुय्यम नकलेवरून काढलेल्या आहेत.

तुलना करायचीच, तर मोठ्याने वाजणारी आवृत्ती आधी दुसरीच्या पातळीवर खाली आणा. मग फक्त स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम) ऐका: ठोका उसळतो, की नुसता थापटल्यासारखा लागतो?